ग्वेनचं न विकायचं घड्याळ

शनिवारी सकाळी सात वाजता दारावर थाप पडली, की ग्वेन पास्को दार उघडायच्या आधीच ओरडायची, "काय मोडलंय?" कोण आलंय हे विचारायची गरजच नसायची. 'ट्रॉलीरू' या खरेदीच्या साइटवर आदल्या संध्याकाळी नवा अपडेट आलेला असायचा, आणि क्लोराइड स्ट्रीटवरचं कुणीतरी हातात फोन धरून, तोंड पाडून पायरीवर उभं असायचं.

"ती सिडनीतली पोरं शुक्रवारी बटण दाबतात आणि बिअर प्यायला जातात," ग्वेन म्हणायची. "चालतंय की नाही ते तपासायचं काम आपल्याकडे. तेही बिनपगारी!"

ब्रोकन हिल या आमच्या खाणीच्या गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिनं बावीस वर्षं काढली होती. एवढ्या वर्षांत चुकीचा फोन जोडला तो एकदाच, आणि तोही मुद्दाम. खाणीच्या एका मॅनेजरनं मैत्रिणीचा नंबर मागितला, हिनं बायकोचा जोडून दिला. त्यामुळे दुसऱ्यांच्या चुकांबद्दल बोलायचा आपल्याला हक्क आहे असं तिचं ठाम मत होतं. आता वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी अख्ख्या गल्लीचा माल तिच्याच खात्यावरून विकला जायचा. लोर्नाच्या गोधड्या, शेजारच्या स्टिपेनं खाणीतले जुने नट-बोल्ट जोडून केलेले कांगारू, आणखी चार-पाच बायकांचं विणकाम. विकणारी म्हणून तिच्या नावापुढे शंभर टक्के समाधानी गिऱ्हाईक असा शिक्का होता, आणि त्या शिक्क्याचा तिला नवऱ्यापेक्षा जास्त अभिमान होता. हे ती नवरा जिवंत असतानाही त्याच्या तोंडावर सांगायची.

अपडेटांनी काय काय वाट लावली ते सांगायला बसलं तर संध्याकाळ होईल. एकदा लोर्नाच्या गोधड्या कुत्र्यांच्या गाद्यांमध्ये जाऊन बसल्या. एकदा 'रद्द करा' आणि 'विकत घ्या' या बटणांनी आपसात जागा बदलली. एकदा नगाचा आकडा बारावर अडकला तो हलेचना, आणि स्टिपेच्या दारात संडासाच्या बारा सीट येऊन पडल्या. म्हातारा अजून लग्नाकार्यात त्याच वाटतो. प्रत्येक वेळी ग्वेन तक्रार लिहायची, आणि प्रत्येक वेळी त्या साइटवरची क्लोई उत्तर द्यायची, "हे किती त्रासदायक असेल ते मी समजू शकते!" ही क्लोई माणूस नाही, यंत्र आहे, हे कळल्यावर ग्वेनला उलट बरंच वाटलं. माणूस इतका निर्लज्ज असूच शकत नाही, असं ती म्हणाली.

सगळ्यात जुनी तक्रार मात्र वेळेची. आमचं गाव सिडनीच्या राज्यात, पण घड्याळ ॲडलेडचं. सिडनीत साडेसहा वाजले, की आमच्याकडे सहा. शंभरेक वर्षं असंच चाललंय, गावातल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक आहे, फक्त ट्रॉलीरूला नाही. लिलाव कधी संपणार ते साइट बेधडक सिडनीच्या वेळेनं सांगायची आणि वर लिहायची, 'तुमची स्थानिक वेळ'. ग्वेन बारा वर्षं पत्रं पाठवत होती. उत्तर एकच, "आमचे लोक यात लक्ष घालत आहेत." शेवटी गावानंच आपली सोय लावली. साइटवरची वेळ दिसली की मनात अर्धा तास वजा करायचा. नाकावरची माशी हाकलावी तितक्या सहज लोक तो अर्धा तास वजा करायचे.

त्या शनिवारी दारावर पहिली थाप लोर्नाची होती. केस अर्धे गुंडाळलेले, अर्धे मोकळे.

"ग्वेन, माझा केव्ह विक्रीला लागलाय!"

"कोण घेणार त्याला?"

"थट्टा नको गं! मी मागे गमतीत एक जाहिरात लिहिली होती. 'नवरा, एकच मालकीण, घोरतो, घेऊन जावा लागेल.' तुला दाखवायला. टाकली नव्हती गं बाई, नुसती लिहून ठेवली होती! आज बघते तर साइटवर झळकतेय, आणि तिघांनी बोली लावलीय!"

ग्वेननं चष्मा लावून बघितलं. खरंच होतं. नव्या अपडेटनं लोकांनी अर्धवट लिहून सोडलेल्या सगळ्या जाहिराती आपण होऊन बाजारात मांडल्या होत्या, एक डॉलरपासून बोली सुरू. केव्ह चाळीसवर पोचला होता. "चाळीस म्हणजे बरेच की," ग्वेन म्हणाली, आणि हसत हसत स्वतःचं खातं उघडलं. तिचं हसू तिथंच थांबलं.

क्लॅरीचं घड्याळ विक्रीला लागलं होतं.

क्लॅरी म्हणजे तिचा नवरा. आयुष्यभर खाणीत खपला आणि उरलेला वेळ कबुतरांत घातला. हे घड्याळ म्हणजे शर्यतीच्या कबुतरांचं, पितळी कोपऱ्यांची लाकडी पेटी. कबुतर घरी परतलं, की त्याच्या पायातली रबरी कडी काढायची, ती टोपणात घालून पेटीत टाकायची आणि दांडा ओढायचा. आत कागदाच्या पट्टीवर वेळ उमटते. पेटीला शिशाचं सील असतं. संध्याकाळी कबुतरवाल्यांच्या क्लबात सगळ्यांसमोर सील तोडतात, पट्टी वाचतात आणि मग कोण जिंकलं ते ठरतं.

तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी क्लॅरी परसातल्या खुर्चीत घड्याळ मांडीवर घेऊन बसला होता. दूरच्या मारी गावाहून सोडलेली कबुतरं यायची होती. ग्वेन लोर्नाकडे गेली होती, कारण त्या दिवशीही अपडेट आला होता आणि लोर्नाच्या गोधड्यांचे फोटो उलटे झाले होते. ते सुलटे करता करता चहा झाला, मग केक झाला, मग केव्हच्या गुडघ्याची कथा झाली. ग्वेन पाच वाजून पाच मिनिटांनी घरी आली तेव्हा क्लॅरी तसाच बसलेला होता, घड्याळावर हात ठेवून, निपचित.

डॉक्टर म्हणाला, "दुपारी केव्हातरी." एवढंच. ते 'केव्हातरी' ग्वेनच्या डोक्यातून कधी गेलं नाही. बाराला गेला असेल तर? मग पाच तास हा माणूस उन्हात मरून बसला होता, आणि आपण केक खात होतो. क्लबवाले सील तोडायला आले, त्यांना तिनं फाटकातूनच परत पाठवलं. आत कडी नसली, पट्टी कोरी निघाली, तर तो लवकरच गेला हे पक्कं होईल, आणि ते पक्कं व्हायला तिला नको होतं. कबुतरं देऊन टाकली, घड्याळ कपाटात गेलं.

मग ही जाहिरात कुठून आली? एका रविवारी कपाट आवरताना ती पेटी पायावर पडली, आणि ग्वेननं रागाच्या भरात फोटो काढून लिहिलं, 'कबुतरांचं घड्याळ. चालतं की नाही ठाऊक नाही. मालक नक्की चालत नाही.' लिहून झाल्यावर हसली, मग रडली, मग लॅपटॉप मिटला. साइटनं मात्र ते जपून ठेवलं होतं, मेलीनं.

"काढून टाक ना," लोर्ना म्हणाली.

काढता येईना. एकदा बोली लागली, की वस्तू मागे घेता येत नाही, असा नियम. क्लोईला विचारलं. क्लोई म्हणाली, "हे किती त्रासदायक असेल ते मी समजू शकते!" ग्वेननं लिहिलं, "तुला डोंबल समजतंय!" क्लोईनं विचारलं, "डोंबल या वस्तूचा शोध घेऊ का?" विक्रेत्यानं माल द्यायला नकार दिला, तर खातं कायमचं बंद. म्हणजे लोर्नाच्या गोधड्या, स्टिपेचे कांगारू, सगळ्यांचं दुकान एका फटक्यात बंद. लोर्नानं केव्हचं नाव काढायचंही सोडून दिलं आणि गुपचूप चहा टाकला.

तोडगा स्टिपेनं सुचवला. स्टिपे हा पलीकडच्या घरातला, कानानं अधू, क्लॅरीच्या बरोबरीनं जमिनीखाली तीस वर्षं काढलेला. "तुला तुझीच वस्तू घेता येत नाही ना? मग मी घेतो. माझं खातं आहे. संडासाच्या सीटवाल्या खात्यावरून घेतो."

"आणि कुणी जास्त बोली लावली तर?"

"मी त्याहून जास्त लावीन. पेन्शन कशाला आहे?"

"तुझी पेन्शन ठेव तुझ्यापाशी. पैसे माझे, बोट तुझं."

लिलाव पुढच्या शनिवारी संपणार होता. साइटवर लिहिलं होतं, 'संध्याकाळी साडेसहा, तुमची स्थानिक वेळ'. "म्हणजे सहा," ग्वेन म्हणाली. "म्हणजे सहा," स्टिपे म्हणाला. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

आठवडाभर एक पठ्ठ्या त्यांच्या पाठीच लागला. नाव दिसत नव्हतं, नुसतं 'अ. नो.' एवढंच. स्टिपेनं बोली वाढवली, की दुसऱ्या दिवशी हा थोडी आणखी वाढवायचा. "कोण आहे हा मेला अनो?" ग्वेन दातओठ खात विचारायची. तिला रात्रीची झोप लागेना. पावाच्या दोन तुकड्यांत गाजर-चीजचा किस भरून स्टिपे दुपारी आणून द्यायचा, तोही तसाच पडून राहायचा. ते घड्याळ कुणाच्या हातात गेलं, तर तो ते पहिल्या दिवशी उघडणार. आत काय आहे ते एखादा परका माणूस आपल्याआधी वाचणार.

शनिवारी पावणेसहालाच स्टिपे येऊन स्वयंपाकघरात बसला, दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून. जाहिराती मांडणाऱ्या त्याच अपडेटनं उलटी मोजणीही काढून टाकली होती, म्हणे साइट 'सुटसुटीत' दिसावी म्हणून. त्यामुळे दोघांचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. सहाला दोन मिनिटं असताना ग्वेन ओरडली, "दाब!" स्टिपेनं घसघशीत बोली दाबली. पडद्यावर आलं, 'तुम्ही सर्वांत पुढे आहात', आणि मग चाक फिरायला लागलं. सहा वाजले. सहा वाजून दोन मिनिटं झाली. चाक फिरतंय ते फिरतंच आहे.

"हे आता तासभर असंच फिरणार," ग्वेन म्हणाली. "मेल्यांना साधं अभिनंदनसुद्धा वेळेवर करता येत नाही." आणि तिनं लॅपटॉप मिटला. आठवड्यात पहिल्यांदा तिला भूक लागली होती. दोघांनी मटण भरलेल्या पेस्टी गरम केल्या, बिअर काढली, लोर्नाला फोन केला. लोर्ना तिकडून किंचाळली की केव्हला एका ट्रकवाल्या बाईनं घेतलंय आणि केव्ह दाढी करतोय. स्टिपेला ते ऐकू आलं नाही, म्हणून त्याला तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा दोघं पोट धरून हसले.

रविवारी सकाळी पत्र आलं. 'अभिनंदन! तुमचं कबुतरांचं घड्याळ विकलं गेलं आहे.' ग्वेननं समाधानानं चहाचा घोट घेतला आणि घेणाऱ्याचं नाव वाचलं. अर्न नोस्के, पीटरबरो. शेवटची बोली, सहा वाजून एकोणतीस मिनिटं.

ती तशीच कुंपणाशी गेली आणि स्टिपेला हाका मारायला लागली. अख्खी गल्ली बाहेर आली, एक स्टिपे सोडून. शेवटी त्याच्या खिडकीवर लिंबू फेकून मारावं लागलं.

दोघांनी मिळून त्या अपडेटमधल्या बदलांची यादी उघडली. ती गल्लीत कुणी कधी वाचलीच नव्हती. चौदाव्या ओळीत लिहिलं होतं, 'काही भागांत वेळ चुकीची दिसत होती, ती दुरुस्ती केली आहे.' स्टिपेनं ती ओळ दोनदा मोठ्यानं वाचली.

"म्हणजे साडेसहा म्हणजे साडेसहाच होते?"

"बारा वर्षं!" ग्वेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "बारा वर्षं मी यांच्या नावानं कंठशोष केला, तेव्हा ढिम्म हलले नाहीत! आणि सुधारायचं सुचलं ते या आठवड्यात! सुधारलं तर सुधारलं, एका शब्दानं सांगायचं तरी! इतका मेला चुकीचा कारभार, की बरोबर केलं तरी माणूस देशोधडीला लागतो!" ती खुर्चीत बसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. स्टिपेनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मी गाडीची चाकं काढून ठेवू का त्याच्या?"

अर्न नोस्केचं पत्र आलं की तो बुधवारी स्वतः गाडीनं येतोय, पार्सलवर विश्वास नाही. ग्वेननं दोन दिवस विचार केला. दार उघडायचं नाही असं ठरवलं. घड्याळ हरवलं म्हणून सांगायचं असंही ठरवलं. मग लोर्ना नवी गोधडी फोटो काढायला घेऊन आली, आणि ग्वेननं मुकाट्यानं फोटो काढला. गल्लीचं दुकान बंद पाडून चालणार नव्हतं.

बुधवारी दुपारी फाटकाशी धुळीनं माखलेली गाडी थांबली. उतरला तो सत्तरीचा, वाकलेला, हडकुळा माणूस, हातात डबा. "बाई, बायकोनं बिस्किटं दिलीत," तो म्हणाला. आता असल्या माणसाचा रागराग तरी कसा करायचा? स्टिपे टेबलाशी पहारेकऱ्यासारखा हाताची घडी घालून बसला होता. घड्याळ मध्ये, वर भांडी पुसायचा फडका.

"जाहिरात वाचून मी आणि बायको इतकं हसलो," अर्न म्हणाला. "मालक नक्की चालत नाही! आमच्या क्लबात आता चारच घड्याळं धड राहिलीत, म्हणून हट्टानं घेतलं." त्यानं फडका उचलला, पेटी अलगद फिरवली, आणि त्याचा हात थांबला. "बाई, याचं सील शाबूत आहे."

"आहे."

"केव्हापासून?"

"तीन वर्षं. तो हे मांडीवर घेऊनच गेला."

अर्ननं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मग हे असं मला नेता येणार नाही. सील तोडायचं ते ज्याचं कबुतर त्याच्यासमोर, नाहीतर त्याच्या घरच्या माणसासमोर. तुमची शर्यत अजून संपलेली नाही, बाई."

"मला नाही बघायचं!" ग्वेन एकदम ओरडली. "आत काहीच नसेल तर? तो दुपारीच गेला असेल तर? मी तिकडे केक खात होते! दुसऱ्याच्या उलट्या फोटोंपायी!"

स्टिपेला हे मात्र सगळं ऐकू आलं होतं. तो म्हणाला, "ग्वेन, तू नाही बघितलंस, तरी आत जे आहे ते आहेच." मग त्यानं उठून भांड्यांच्या खणातून पक्कड काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

ग्वेननं पक्कड बराच वेळ हातात धरली. मग दात आवळून शिसं तोडलं, अगदी रागानं. अर्ननं झाकण उघडलं. आत एक टोपण होतं. टोपणात लाल रबरी कडी. त्यानं पट्टी उजेडाकडे धरली.

"चार एकावन्न," तो म्हणाला.

"काय?"

"चार वाजून एकावन्न मिनिटं. शर्यत कुठली होती?"

"मारीची."

अर्न खो खो हसायला लागला, मग स्वतःच ओशाळला. "माफ करा बाई. पण मारीची कबुतरं दोनच्या आत घरी येतात. हे गाढव तीन तास कुठे गावभर हिंडत होतं? शेवटून पहिलं आलंय!"

ग्वेन मनात हिशेब करत होती. पाच वाजून पाच मिनिटांनी आपण फाटक उघडलं. म्हणजे चौदा मिनिटं. पाच तास नाही, चौदा मिनिटं. सगळी दुपार तो जिवंत होता, आभाळाकडे बघत शिव्या देत बसला होता, आणि ते शेंबडं पाखरू आल्यावर त्यानं उठून कडी काढली, टोपण टाकलं, दांडा ओढला.

"पण हरलेलं होतं ते!" ती अर्नवर खेकसली, जणू चूक त्याचीच. "दोनलाच कळलं होतं की हरलोय. मग वेळ कशाला नोंदवायची?"

"सगळेच नोंदवतात बाई," अर्न म्हणाला. "आलं ना घरी."

ग्वेननं पट्टी आणि कडी त्याच्या हातातून घेतली. अर्ननं घड्याळ तिच्याकडे सरकवलं. "हे राहू दे तुमच्याकडे. आपण सौदा मोडू, मी साइटला कळवतो."

"साइटला कळवायचं नाव काढू नका! ते आणखी काहीतरी मोडून ठेवतील." तिनं पेटी उचलून त्याच्या हातात कोंबली. "न्या. सौदा म्हणजे सौदा. पण कपाटात नाही ठेवायचं. दर शनिवारी शर्यतीत पाहिजे."

गाडी गेली, स्टिपेही बिस्किटांचा डबा घेऊन घरी गेला. ग्वेन चहाचा कप घेऊन परसात गेली आणि क्लॅरीच्या खुर्चीसमोर उलटी बादली ठेवून तिच्यावर बसली. तीन वर्षांत ती त्या खुर्चीकडे तोंड करून बसली नव्हती.

"तीन तास, मेल्या," ती खुर्चीला म्हणाली. "एक फोन करायचास ना लोर्नाकडे. दोघांनी मिळून शिव्या घातल्या असत्या त्या पाखराला."